झमकूच्या बकऱ्या आणि खदानीची शिट्टी

झमके,

आज सकाळी तुझ्या बकऱ्या खदानीच्या कवाडाशी येऊन उभ्या राहिल्या, रोजच्यासारख्या. मागून शांता येत होती. तुझी सून गुणाची आहे, पण ती हाक मारते तशी बकऱ्यांना कळत नाही आणि तू मारायचीस तशी तिला जमत नाही. सगळ्यांच्या पुढे ती काळी, कान फाटलेली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही तुला मीच कुठंतरी दडवून ठेवलंय. मी म्हटलं, "अगं, गेली तुझी मालकीण. पंधरा दिवस झाले." तिनं शांतपणे माझा पदर तोंडात धरला आणि चघळायला लागली.

मी सकाळपासून रडायची तयारी करून बसले होते. गुरुजींना सांगूनही ठेवलं होतं, आज माझ्याशी कुणी बोलू नका. आणि पदर सोडवता सोडवता मला असं हसू फुटलं की शांता घाबरून म्हणाली, "मावशी, पाणी आनू का?"

तर रडणं राहिलं ते राहिलंच. म्हणून लिहायला बसले. तू कितीदा म्हणायचीस, "मास्तरीण, तुला लिवता येतं नं? मंग तोंडानं काहून भांडती? लिवून देत जा. म्या चुलीत घालत जाईन." मास्तरीण म्हणे! जन्मात कधी हातात खडू धरला नाही. गुरुजींशी लग्न झालं, एवढीच माझी मास्तरकी. पण तू पहिल्यांदा त्या नावानं हाक मारलीस तेव्हा मी काही तुला थांबवलं नाही. उलट त्या दिवसापासून जरा ताठ चालायला लागले.

माळाच्या या अंगाला आमचं गाव, त्या अंगाला तुमचा तांडा. मध्ये ती टेकडी आणि तिच्याभोवतीचं गायरान. तुझ्या सासूच्याही आधीपासून तुमची जनावरं तिथं चरत आलेली. आमच्या घरातून तिकडं कुणी गेलंच तर बोरं वेचायला, नाहीतर पोळ्याला पळसाच्या फांद्या आणायला. मला तो माळ म्हणजे नुसती उजाड जागा वाटायची. गवत होतं, पण गवताला काय नाव असतं, असं वाटायचं.

मग नव्वदीच्या सुरुवातीला रस्त्याच्या कामाला दगड लागला आणि खदान आली. तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो, हिंगोली म्हणजे आपला तालुका. टेकडीची एक बाजू कापता कापता आतलं काळं पोट दिसायला लागलं. दिवसभर गिट्टीचे ट्रक. आमच्या पापडांवर धूळ, तुमच्या पाण्याच्या हंड्यांत धूळ. दुपारी सुरुंग उडायचे. त्याआधी खदानीवरचे मुनीरचाचा लाल फडकं हलवत शिट्टी फुंकायचे, छाती फुटेल अशी. मी अंगणातून पाहायचे. शिट्टी वाजली की तुझ्या बकऱ्या पळत सुटायच्या. मला वाटायचं, भितात बिचाऱ्या. इतक्या लांबून मला नुसता तुझा लाल घेरदार फेटिया, तुमचा तो घागरा, आणि पळणारे ठिपके दिसायचे. एवढ्यावर मी बकऱ्यांविषयी सगळं शिकून मोकळी झाले.

रस्ता झाला, खदान बंद पडली. मागे राहिला खड्डा, खड्ड्यात हिरवं पाणी, भोवती उघडा दगड. मुनीरचाचा जाताना शिट्टी मला देऊन गेले. म्हणाले, "रखो भाभी. अब इधर उडाने को कुछ बचाच नहीं." मी ती राखेनं घासली आणि काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

आता त्या वेळच्या बाईचं वर्णन मी करते, तू मध्ये बोलू नकोस. चाळिशी ओलांडलेली. महिला मंडळाची अध्यक्ष, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. डोळ्यांवर हिंगोलीच्या बाजारातून आणलेला चष्मा, बिननंबरचा. गळ्यात मंगळसूत्र आणि शिट्टी, दोन्ही दिसतील अशा बेतानं. तिनं कुठल्याशा कॅलेंडरवर एक बगीचा पाहिला होता, लाल गुलमोहर आणि खाली बाकडं. तसा बगीचा खदानीत करायचा असं तिनं ठरवलं. बाकड्यावर कोण बसणार, हे विचारायचं तिला सुचलं नाही. मला वाटतं, तीच बसणार होती.

रोपवाटिकेतून गुलमोहर आला, निलगिरी आली. बायकांना हिरव्या साड्या नेसायला लावल्या. जिथं कुदळ मारली की ठिणगी उडत होती, तिथं आम्ही खड्डे केले. तू दगडावर बसून तंबाखू मळत बघत होतीस.

"मास्तरीण, हे लाल फुलाचं झाड बकरीला आवडतं का गं?"

"तुझ्या बकऱ्यांनी इकडं तोंड जरी केलं ना, तर बघ!"

"तोंड कशाला करतील? तोंड घालतील."

दुसऱ्या दिवशी घातलंच. मी तयारच होते. ओठांत शिट्टी धरली आणि मुनीरचाचांना लाजवेल अशी फुंकली. बकऱ्यांनी माना वर केल्या आणि पळाल्या, झमके, पळाल्या हे खरं! पण माझ्याच दिशेनं. अख्खा कळप, करडांसकट. मी आणखी जोरात फुंकली, त्या आणखी जोरात आल्या. मी पळाले. चप्पल एकीकडे, चष्मा दुसरीकडे, आणि मंडळाची अध्यक्ष गिट्टीच्या ढिगावर. खाली सगळ्या माना वर करून उभ्या, कीर्तन ऐकायला आल्यासारख्या. आणि तू! हसून हसून दगडावरून घसरलीस. "फुंक, फुंक आजून! लंगडी मागं राह्यली, तिला ऐकू न्हाई गेलं!"

कारण तू मला कितीतरी दिवसांनी सांगितलंस. भ्यालेली बकरी कुठंही पळते, सुरुंगाकडेसुद्धा. म्हणून खदानीच्या दिवसांत शिट्टी वाजली रे वाजली की तू ओढणीच्या ओट्यातून मूठभर जोंधळे काढून त्यांना जवळ बोलवायचीस. तुझ्या बकऱ्यांना शिट्टी म्हणजे जोंधळे. आयांचं पाहून करडं शिकली, त्यांचं पाहून त्यांची करडं. खदान गेली तरी त्यांची ती शिकवणी गेली नाही. आणि हे सगळं ठाऊक असून तू मला आदल्या दिवशी एका शब्दानं बोलली नाहीस. का, असं विचारलं तर म्हणालीस, "येवढा तमाशा फुकटात कोन बगू देतं?"

बकऱ्यांच्या तोंडातून जे वाचलं ते उन्हाळ्यानं संपवलं. निलगिरीचं एक रोप तेवढं चैत्रापर्यंत तगलं. मी त्याला रोज तांब्याभर पाणी घालायचे आणि, आता लपवून काय करू, त्याच्याशी बोलायचे. ते तू ऐकलंस आणि तांडाभर सांगितलंस.

त्या वर्षी मला एक आणखी हुशारी सुचली. खदान खोदण्याआधी टेकडीच्या वरची माती खरवडून त्यांनी एका कडेला ढीग घातला होता. तशीच पडून होती. बगीचा तिकडं होत नाही तर इकडं करू म्हणून मी त्यातली गाडीभर माती परसात आणवली आणि मोगरा लावला. पाऊस पडला. मोगरा राहिला बाजूला, गवत मात्र असं उगवलं की विचारू नको. मी उपटते, ते उगवतं. एक दिवस तू गुरुजींच्या खोकल्यासाठी बकरीचं दूध घेऊन आलीस, तेव्हा मी परसात बसून त्या गवताला शिव्या देत होते.

तू तांब्या खाली ठेवलास. उकिडवी बसलीस. एक काडी खुडून बोटांत चुरगाळलीस, हुंगलीस. मग दुसरी.

"ही पवन्या हाय. ही मारवेल. ही कुसळी." मग मुळाशी चिकटलेली माती मुठीत घेतलीस. "मास्तरीण, म्या समजून राह्यले व्हते की माळ गेला. हा तर तुझ्या मोगऱ्यात लपून बसला की गं."

तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी पाहिलंच नाही असं केलं. पाहिलं असतं तर तू दूध घेऊन परत गेली असतीस.

तो ढीग म्हणजे निजलेला माळच होता. पुढच्या उन्हाळ्यात गावच्या बायका आणि तांड्यातल्या बायका घमेली घेऊन खदानीत उतरलो. उताराला आडवे दगड लावले, म्हणजे माती वाहून खड्ड्यात जाणार नाही, आणि त्यामागे ती माती पसरली. तू माझ्या परसातली मातीसुद्धा परत न्यायला लावलीस, दारात कमरेवर हात ठेवून उभी राहून. मोगरा मग डालड्याच्या डब्यात गेला. अजून आहे. तुझ्यावर रागावलेलाच आहे, फुलं बेतानं देतो.

पावसाळ्यात दगडांमागे गवत आलं. बाळाच्या डोक्यावरच्या जावळासारखं, विरळ. मी दिवसातून दोनदा बघायला जायचे. आणि मग एका दुपारी तू बाभळीखाली डुलकी काढलीस आणि तुझ्या बकऱ्यांनी ते जावळ पार काढून टाकलं.

इथं मला मोठ्यानं बोलायचा हक्क आहे आणि मी बोलणारच. तू म्हणालीस, "बकरीला काय कळतं?" मी म्हणाले, "बकरीला नसेल कळत, बकरीवालीला?" झालं. महिनाभर अबोला. दूध बंद. गुरुजी कोरा चहा पिऊन खोकत म्हणायचे, "भांडण तुमचं दोघींचं, त्यात माझी छाती कशाला?" मी तुझ्या वाटेनं जाणं सोडलं. तूही सोडलंस. तांडा आणि गाव यांच्यात दुसरी वाट नव्हती, त्यामुळे दोघी घरातच बसून राहिलो.

मग एक दिवस पाहते तर तू डोक्यावर बोरीच्या काट्यांचा भारा घेऊन खदानीकडे चाललीस. आत जायची वाट तू स्वतः बंद केलीस. एक कवाड तेवढं ठेवलंस, तेही काट्यांचं. मी जवळ आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणालीस, "माझं एक ऐकायचं. झाडं बकरीच्या तोंडाच्या वर गेली की कवाड उघडायचं. बोल."

"बोलले."

आणि कवाड माझ्या हवाली करून तू निघून गेलीस. त्या वेळी मला वाटलं, मी जिंकले. तुझ्यासाठी त्याचा अर्थ काय होता, ते मला हळूहळू दिसलं. खदानीसकट सगळं गायरान बंद म्हटल्यावर तू बकऱ्या घेऊन रस्त्याच्या कडेनं, ओढ्याच्या काठानं, लोकांच्या बांधावरून शिव्या खात हिंडायचीस. टाचा फुटल्या. कळप निम्म्यावर आला. तरी तू चोरून एक बकरी आत सोडली नाहीस. मी असते तर सोडली असती. आणि शिट्टी वाजवली असती.

उन्हाळ्यात तू बकऱ्यांना बाभळीच्या, हिवराच्या शेंगा खाऊ घालायचीस. बकऱ्यांचं वाडगं झाडलं की लेंड्यांची पाटी डोक्यावर घेऊन कवाडाशी हजर. "बकऱ्या आत न्हाई घेत नं तू? त्यांच्या लेंड्या तर घे." मी नाकाला पदर लावायचे. तेव्हा मला कुठलीही चांगली गोष्ट नाकाला पदर लावूनच करायची सवय होती. तू आत जाऊन दगडांच्या फटींत मुठीमुठीनं टाकायचीस. पाऊस पडला आणि त्या फटींतून बाभूळ उगवली, हिवर उगवला. बकरीच्या पोटातून आलेली बी ती, गुलमोहरासारखी लाडाची नव्हती. बोरी आपल्या आपण आल्या. पळसाची मुळं खाली जिवंत होती, त्यांना फूट आली. लिंब कावळ्यांनी आणला.

"बग, माझ्या बकऱ्यांनी झाडं लावली," तू म्हणायचीस.

"कुंपण कुणी राखलं?"

"कुंपन म्या घातलं."

"राखलं कुणी?"

"राखलं तू. पन शिट्टी वाजवून न्हाई!"

हे भांडण आपण इतकी वर्षं पुरवलं. आपला जिल्हा वेगळा झाला, शांता तुझ्या घरी आली, माझे गुडघे गेले, तुझे दात गेले, भांडण तेवढं ठणठणीत राहिलं. झाडं वाढली तसं त्याला नवं कलम फुटलं. तू एका वर्षी कवाडाशी येऊन म्हणालीस, "हिवर बकरीच्या वर गेलं. उघड."

मी म्हणाले, "बकरी चार पायांवर मोजायची का दोन पायांवर? दोन पायांवर उभी राहिली तर तोंड कुठं पोचतं?"

तू आकाशाकडे बघून तुझ्या बोलीत काहीतरी म्हणालीस. बरं झालं मला कळलं नाही. "बरं, दोन पायावर मोज." पुढच्या वर्षी झाडं तिथवरही गेली. मग मी सगळ्यात बुटक्या रोपाकडे बोट दाखवलं. "आणि हे?" आता झमके, जंगल म्हटलं की दरवर्षी नवं रोप उगवणारच. तुला ते ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मी दरवर्षी म्हणायचे, "अजून एक पावसाळा." तू दरवर्षी म्हणायचीस, "म्या मेल्यावर उघडशील."

मी खोटं बोलत नव्हते गं. मला ते जावळ आठवायचं. एकदा उघडलं आणि परत नुसता दगड राहिला तर, ही भीती माझ्या पोटातून गेलीच नाही. ज्या बाईला गवताला नाव असतं हे ठाऊक नव्हतं, ती आता एका काडीसाठी जीव टाकत होती. हे तूच केलंस, आणि मग त्याचीच तकलीफ तुला झाली.

शेवटचं भेटलो ते फाल्गुनात. पळस फुलला होता, माझ्या कॅलेंडरातल्या गुलमोहरापेक्षा लाल. खड्ड्याच्या काठावर दोघी बसलो. गवतातून तितर ओरडत होता. तू हातानं गवत बाजूला केलंस आणि खाली दाखवलंस. मागच्या वर्षीचं, त्याच्या मागच्या वर्षीचं गवत चटईसारखं आडवं पडलेलं, करडं झालेलं. त्याखाली नवा कोंभ पिवळा पडून वाकला होता.

"ह्याला दात पायजेत, मास्तरीण. बकरीचे. न्हाई त हे आपल्याच वझ्याखाली मरंल."

"तुला बकऱ्यांशिवाय दुसरं सुचतं का?"

"तुला कवाडाशिवाय?"

मग तू माझ्या गळ्यातली शिट्टी ओढून तोंडात धरलीस. दात नाहीत, त्यामुळे नुसतं फुस्स झालं. दोघी इतक्या हसलो की तितर उडून गेला. उठताना तू म्हणालीस, "यंदा तरी उघड." मी म्हणाले, "अजून एक पावसाळा." तू मान हलवलीस आणि गेलीस, फेटियाला गवताची कुसळं चिकटवून.

चैत्रात एक दिवस जेवून बाजेवर पडलीस ती उठलीच नाहीस. शांता म्हणाली, तोंडात तंबाखू होती. सुखी बाई! मी तुझ्या पायाशी बसले तर टाचांकडेच नजर जात होती. त्यांना हात लावून मी काही म्हणणार होते. पण भोवती सगळा तांडा, आणि आपल्या दोघींना लोकांसमोर गोड बोलायची सवय नाही. म्हणून इथं म्हणते. माझ्यासारख्या चष्मेवाल्या बाईला तू माळ दाखवलास. तू नसतीस तर मी आजही माळाच्या मातीत मोगरा लावून स्वतःला शहाणी समजत असते. बस, एवढंच. जास्त म्हटलं तर तू तिकडं चढून बसशील.

हे काल लिहून ठेवलं. आज सकाळी पुढचं झालं, ते सांगून संपवते.

रात्रभर ती काळी डोळ्यांपुढून हलेना. उजाडताच मी पदराच्या ओट्यात जोंधळे घेतले आणि खदानीवर गेले. गुरुजी म्हणाले, "कुठं?" म्हटलं, "भांडण मिटवायला." ते म्हणाले, "कुणाशी?" आणि मग स्वतःच दाराची कडी काढली. शांता बकऱ्या घेऊन वाटेनं चालली होती, ओढ्याकडे. मी काटे ओढले. बोरीच्या काट्यानं जाता जाता हात ओरबाडला, तुझाच हात असणार तो. कवाड उघडलं, आत जाऊन उभी राहिले, आणि शिट्टी फुंकली.

झमके, तुला दिसलं का गं? सगळ्या वळल्या. काळी पुढे, मागे आया, करडं उड्या मारत. शांता "मावशी, मावशी" करत मागून पळतेय. या खेपेला मी पळाले नाही. ओटा सोडला, मूठ उघडली. काळीनं जोंधळे खाल्ले, माझा पदर हुंगला, आणि मग गवतात शिरली. तुझ्या बकऱ्यांचे दात त्या करड्या चटईवर चालताना कसा आवाज येतो ते मी पहिल्यांदाच ऐकलं. करकर, करकर. मला वाटलं होतं, ऐकवणार नाही. पण बरं वाटलं.

थोड्या वेळानं काळी हिवराखाली गेली. मागच्या दोन पायांवर उभी राहिली, पुढचे पाय खोडाला लावले, मान जेवढी ताणता येईल तेवढी ताणली. खालची पानं मिळाली. वरचा सगळा हिवर तसाच राहिला, तिच्या तोंडापासून कितीतरी उंच.

दोन पायांवर मोजलं, बाई. तुझ्याच बकरीनं मोजलं. आता तुझं म्हणणं खरं झालं की माझं, हे तूच ठरव.

शांताला मी बजावलंय की पाऊस पडेपर्यंतच चारायचं, पडला की कवाड बंद. ती म्हणाली, "आनि पुढच्या साली?" मी म्हटलं, "पुढच्या साली तू भांड माझ्याशी. तुझी सासू शिकवून गेली नसेल तर मी शिकवते."